गप्प टॅपेट

(काळा पडदा. किकचा आवाज. दुसऱ्या किकला इंजिन सुरू होतं. त्यामागे बारीक, एकसारखी टिकटिक.)

ही टिकटिक ऐकू येतेय? पलीकडच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवत असावं, तशी.

गाडी आहे १९९८ सालची हिरो होंडा स्प्लेंडर. पाटीवर एमपी ०९, म्हणजे पक्की इंदूरची. बाबांनी घेतली, आता मी चालवतो. सकाळी दूध, दुपारी ऑफिस, रात्री कधीमधी सराफ्यात खायला. एवढ्यात तिची काही तक्रार नसते. टिकटिक असते, पण पळते.

खरी गंमत भेरूघाटात होते.

(दृश्य: खंडवा रोड, सिमरोळच्या पुढची वळणं.)

इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि नर्मदा खाली निमाडात. त्यामुळे ओंकारेश्वरला जाताना घाट उतरायचा आणि दर्शन घेऊन, उन्हात तापून परतताना तोच चढायचा. उतारावर कुठलीही गाडी तरुण वाटते. परतीला मागे मामेभाऊ होता. बलवाडा सोडलं, चढ सुरू झाला आणि चौथ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो. मूठ शेवटपर्यंत पिळलेली, तरी कापसाने भरलेला एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. मामेभाऊ म्हणाला, "मी उतरून चालू का?" तो चेष्टा करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारली तर गाडी शहाण्या बाळासारखी सुरू. जणू काल काही झालंच नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवली. नाव सांगत नाही. त्यांनी अर्धा मिनिट आवाज ऐकला आणि निकाल दिला. इंजिन खोलायचं, बोअर-पिस्टन, टायमिंग चेन, सगळं नवीन. मलाही ते पटलं होतं, कारण माझा हिशेब सरळ होता: आवाज येतोय, दम जातोय, म्हणजे जो आवाज करतोय तोच दम खातोय.

(दृश्य: जुन्या इंदुरातली गल्ली. तेलाने काळे पडलेले दोन हात, चिंधीला पुसले जातायत.)

हे काका. त्यांची एकच अट होती, चेहरा दाखवायचा नाही. म्हणून पुढचा सगळा वेळ तुम्हाला त्यांचे हातच दिसतील.

काका हा धंदा शिकले टू-स्ट्रोकवर. ऐंशीच्या दशकात इथून जवळच पीथमपूरला कायनेटिक होंडा बनू लागली आणि गल्लीगल्लीत ती स्कूटर झाली. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, उघडझाप करणारे व्हॉल्व्ह (झडपा) नाहीत, त्यामुळे ते नेमके लावायचे टॅपेटही नाहीत. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा इथल्या जुन्या मिस्त्रींना हे फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे घड्याळ वाटायचं, हात लावायला भीती. जाहिरात तर म्हणायची: पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. लोकांनी शेवटचे दोन शब्द फारच मनावर घेतले, असं काकांचं मत आहे.

मी सांगायला सुरुवात केली, "काका, आवाज इथून, हेडमधून येतोय..."

"आवाज कुठून येतो ते नको सांगूस. कधी येतो ते सांग."

थंड असताना जास्त की तापल्यावर? चढावर की मूठ सोडल्यावर? क्लच दाबला की बदलतो का? मला एकाचंही उत्तर धड देता येईना. चार महिने रोज ऐकत होतो, लक्ष कधी दिलंच नव्हतं.

(दृश्य: इंजिन चालू. काकांचा हात मूठ हळूहळू पिळतो, सोडतो.)

काकांनी एकेक आवाज समजावला. थंडीत सुरू केल्यावर खटखट आणि पाच मिनिटांनी कमी, तर पिस्टन बोअरमध्ये ढिला झालाय. मूठ सोडली की खरखर, तर टायमिंग चेन लांबलीय किंवा तिचा टेन्शनर थकलाय. चढावर, ओझं असताना पोटातून ठकठक, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. तिथे गाडी लगेच बंद करायची, घरापर्यंत न्यायचीसुद्धा नाही. चढावर डब्यात गोट्या हलवल्यासारखी किणकिण झाली तर पेट्रोल वेळेआधी पेटतंय. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर उजव्या बाजूला, क्लचकडे बघायचं. आणि हेडशी सायलेन्सर जिथे बसतो तिथलं पॅकिंग गेलं, तर जळलेला वायू अशा नेमक्या तालात निसटतो की भले भले त्याला टॅपेट समजून बसतात.

ताल ओळखायची त्यांची एक खूण मला फार आवडली. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकदा फिरतो. त्यामुळे टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या चालीने येते. इंजिन भराभर धावतंय आणि आवाज मात्र सावकाश चाललाय असं वाटलं, की नजर वर, हेडकडे.

मग त्यांनी पेचकस काढला. पुण्याचे पाहुणे त्याला स्क्रू-ड्रायव्हर म्हणतात, या गल्लीत तो पेचकसच. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. टायमिंग चेनच्या बाजूला शांत. क्लचकडे शांत. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, म्हणून हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हची टोपी वर येते आणि जळलेला वायू सोडणाऱ्या एक्झॉस्टची खाली. वरच्या टोपीवर पेचकस ठेवला आणि माझ्या कानाला दिला. आत कुणीतरी नखाने पत्रा वाजवत होतं.

"खाली ऐक."

खाली काहीच नव्हतं.

"म्हणजे खालचा चांगला," मी म्हणालो. काका काही बोलले नाहीत.

(दृश्य: गाडी मेन स्टँडवर. हात मागचं चाक फिरवतात. चाक बराच वेळ फिरत राहतं.)

दमाचा शोध त्यांनी वेगळा सुरू केला, इंजिनाच्या बाहेरून. चाक मोकळं फिरतंय, म्हणजे ब्रेक घासत नाही. मागच्या चाकाची चेन फार ताणलेली नाही. हवा बरोबर. क्लच घसरत असता तर इंजिन ओरडलं असतं आणि गाडी तिथेच राहिली असती. घाटात इंजिनच मलूल झालं होतं. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक उघडं आहे. ते बुजलं की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल उतरत नाही आणि काही किलोमीटरनंतर गाडी अशीच मरगळते. फिल्टर मळलेला निघाला, झटकून साफ केला. प्लगचं टोक विटकरी, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठीक.

"आता शेजारच्या राऊ गावापर्यंत जाऊन ये. भावाला मागे बसव. तापलेली गाडी हवीय मला."

परत आलो तेव्हा इंजिनाजवळ हात नेववत नव्हता. प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशनचं घड्याळ, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावलं, मूठ पूर्ण उघडी धरली आणि दणादण किका मारल्या. काटा साडेपाच किलोवर अडकला. अशा इंजिनाला दहाच्या आसपास तरी हवा.

पुस्तकात पुढची पायरी असते, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडायची. काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह. काकांनी ऑईल घातलं, काटा जेमतेम हलला, तरी त्यांनी मान डोलावली नाही. "इंजिन आडवं आहे. ऑईल खालीच साठतं, वरच्या बाजूला पोचत नाही. याच्यावर निकाल देऊ नये."

(दृश्य: पंक्चरच्या कामाचा हवेचा कॉम्प्रेसर. नळी प्लगच्या भोकात. आवाज: फुस्स.)

हा भाग आम्ही तीनदा चित्रित केला. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असण्याच्या जागी आणला. गाडी चौथ्या गिअरमध्ये, मागचा ब्रेक मी दाबून धरलेला, नाहीतर हवा पिस्टनला ढकलून देते. आता हवा आत सोडली की ती कुठून तरी निसटणार. कार्बोरेटरमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह गळतोय. ऑईल भरायच्या भोकातून आली तर रिंगा.

काकांनी कार्बोरेटरला कान लावला. ऑईलच्या भोकावर तळवा धरला. मग गाडीच्या मागे गेले आणि मला बोलावलं. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर गार वारा येत होता.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. खालचा. जो गप्प होता तोच.

"पण टॅपेट आज नाही बघायचे. हे थंड इंजिनावर लावायचे असतात. गाडी ठेवून जा."

(दृश्य: सकाळ. शटर अर्धं वर. दोन हात, फट मोजायच्या फीलर गेजच्या पातळ पट्ट्या पसरतात.)

गॅरेजच्या भाषेत टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हचं टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट. या गाडीला ती हवी ०.०५ मिलिमीटर. बारीक केसाएवढी. ती ठेवतात कारण तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट जास्त झाली तर रॉकर रिकामा आपटतो, टिकटिक होते, थोडी ताकद जाते. फट उरलीच नाही तर आवाज अजिबात होत नाही. थंड असताना व्हॉल्व्ह कसाबसा बसतो. तापला की दांडी लांबते आणि तो सीटवर, म्हणजे ज्या कडीवर बसून तो भोक बंद करतो तिथे, टेकतच नाही. सिलिंडरमधला दाब सायलेन्सरमधून निघून जातो. त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आपली उष्णता बाहेर टाकायची मुख्य वाट म्हणजे ती सीट. टेकला नाही तर तो गार होत नाही, आणि तसाच चालवला तर कडेने जळतो.

डाव्या कव्हरवरची दोन झाकणं उघडली. आतला नट फिरवत मॅग्नेटवरची, म्हणजे क्रँकसोबत फिरणाऱ्या चकतीवरची, 'टी'ची खूण (पिस्टन वर आल्याची) बाहेरच्या खुणेसमोर आणली. वरच्या टॅपेटमध्ये ०.०५ ची पट्टी गेली, ०.१० ची गेली, ०.२० चीसुद्धा गेली. खालच्यात ०.०५ ची शिरेना.

"याआधी टॅपेट कुणी आवळले?"

तेव्हा आठवलं. मागच्या दिवाळीला मीच एका ठिकाणी गाडी देऊन म्हणालो होतो, तेवढा आवाज बंद करून द्या. त्यांनी दिला होता. दोन महिने मी खूष होतो. पुढे वरचा नट ढिला होऊन टिकटिक परत आली, आणि मी सगळा आळ तिच्यावर घातला.

लॉकनट सैल, स्क्रू किंचित उलटा, पट्टी मध्ये. ती सरकली पाहिजे, पण बोटांना जराशी ओढ लागली पाहिजे. नट आवळताना स्क्रू हमखास हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. काकांनी खालचा चार वेळा मोजला. मग पुन्हा राऊ, पुन्हा तापलेलं इंजिन, पुन्हा घड्याळ. साडेदहा.

(दृश्य: भेरूघाट, चढ. गाडीवर दोघं. आवाज: इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये, खेचतंय.)

मामेभाऊ या वेळी काही बोलला नाही. माथ्यावर पोचल्यावर एवढंच म्हणाला की पोहे मिळतील का.

बारीक टिकटिक अजून आहे. कान दिला तर ऐकू येते. काकांनी ती मुद्दाम ठेवलीय.

पण एक प्रश्न राहिला होता. खालची फट आवळणाऱ्याने संपवली, की सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत गेला आणि फट आपोआप मिटली? दोन्हीत लक्षणं सारखीच. काकांनी भिंतीवर खडूने मीटरचा आकडा लिहिला आणि म्हणाले, हजार किलोमीटरनंतर ये, थंड गाडी घेऊन.

(दृश्य: तीच भिंत, तोच खडूचा आकडा. फीलर गेज.)

हजार झाले. वरच्या टॅपेटमध्ये पट्टी सरकली, हवी तशी. खालच्यात काकांनी टोक लावलं, थांबले, पुन्हा लावलं. गेली, पण ओढून.

"सीट खाते आहे," ते म्हणाले. "हेड काढावं लागेल. सीट आणि व्हॉल्व्ह घासून बसवावे लागतील."

"आजच?"

त्यांनी फट पुन्हा ०.०५ ला लावली, टोपी आवळली, जुना आकडा पुसून त्याच जागी नवा लिहिला.

"दिवाळीनंतर. तोवर घाटात दोघं जाऊ नका."