पाव मिलिमीटर

(दृश्य: पांढरी भिंत. तिच्यासमोर हात लांब केलेली मुलगी. 'टक्' असा आवाज.)

ही भिंत कोरी आहे. टार्गेट नाही, काळं वर्तुळ नाही, साधा खिळासुद्धा नाही. पिस्तुलातही काही भरलेलं नाही. कोल्हापुरातल्या या हॉलमध्ये अकरावीतली ही मुलगी सकाळी सव्वासहापासून उभी आहे. हात उचलायचा, अर्धा श्वास सोडायचा, नळीच्या टोकाची फोरसाइट मागच्या बॅकसाइटच्या खाचेत बसवायची, ट्रिगर दाबायचा. टक्. दोन सेकंद तसंच थांबायचं. मग हात खाली.

नेमबाज याला 'ड्राय' म्हणतात. एअर पिस्तुलात त्यासाठी वेगळी सोय असते. ट्रिगर खऱ्यासारखाच सुटतो, पण हवा बाहेर येत नाही. "आज ड्राय झालं का?" हा इथे सर विचारतात तो पहिला प्रश्न. स्कोअर त्यानंतर.

(दृश्य: टार्गेटचं कार्ड, शेजारी पट्टी.)

आता हे कार्ड. एका बाजूला १७ सेंटिमीटर, चौकोनी. मधलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ते १० मीटरवर, जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटर उंचीवर लावतात. पॅलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची गोळी, ४.५ मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्याची कड दहाच्या रेषेला शिवली तरी दहा मिळतात. त्यामुळे हिशेब असा होतो, की पॅलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतं.

८ मिलिमीटर ऐकायला पुष्कळ वाटतात. पण पिस्तुलाच्या दोन साइट्समध्ये अंतर असतं साधारण ३२ सेंटिमीटर. फोरसाइट खाचेच्या मध्यापासून पाव मिलिमीटर बाजूला गेली, की १० मीटरवर ते ८ मिलिमीटर संपले. दहा गेले, नऊ आले. उलट पूर्ण हातच पिस्तुलासकट ३ मिलिमीटर सरकला आणि साइट्स एका रेषेत राहिल्या, तर पॅलेटही ३ मिलिमीटरच सरकतं. म्हणून हात हलतो याची भीती बाळगायची नाही, तो सगळ्यांचाच हलतो. डोळा फोरसाइटवर ठेवायचा. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. नवीन मुलांना हे पटायला महिने लागतात, कारण नेम धरायचा तर जिथे मारायचं तिथे बघावं, असंच आपण लहानपणी गोट्या खेळताना शिकलेलो असतो. कोरी भिंत त्यासाठीच आहे. समोर बघण्यासारखं काही नसलं की नजर आपोआप साइटवर येते.

(दृश्य: पॉलिश पेपर, लाकडी ग्रिप, बोटांवर भुसा.)

हे अक्रोडाचं लाकूड. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, विकत मिळते, पण हाताला बसत नाही, बसवून घ्यावी लागते. तळव्यात पोकळी राहिली तर तिथे एम-सीलचा थर द्यायचा, बोट दबलं तर कानस मारायची, मग पॉलिश पेपर. हे काम एका दिवसाचं नाही. आज थोडं घासायचं, आठवडाभर ड्राय करायचं, पुन्हा घासायचं. डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडल्यावर साइट्स आपापल्या जागी दिसल्या, की ग्रिप झाली. नियमाची मर्यादाही सांभाळायची असते. ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये. मनगट मोकळं दिसलं पाहिजे.

या हॉलमध्ये पिस्तुलं तीन आहेत आणि मुलं चौदा. परदेशी बनावटीचं मॅच पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. म्हणून इथे पिस्तूल क्लबचं आणि ग्रिप ज्याची त्याची. अॅलन कीनं स्क्रू सोडवायचा, आपली ग्रिप चढवायची, सराव झाला की पुढच्याच्या हातात पिस्तूल द्यायचं. बघा, या मुलाला पाऊण मिनिटही लागलं नाही. नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन हे पाहावं.

(दृश्य: मोठं सिलिंडर. व्हॉल्व्ह उघडल्याचा फुत्कार.)

हा आवाज हवेचा आहे. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार हवा असते. पिस्तुलाच्या या छोट्या नळकांड्यात २०० बार भरतात. पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरच्या टाकीसारख्या या मोठ्या सिलिंडरमधून ती हळूहळू घ्यायची, कारण घाईनं भरली तर हवा तापते आणि थंड झाल्यावर काटा पुन्हा खाली येतो. एका भरणीत शंभरावर शॉट्स होतात. आत रेग्युलेटर असतो, तो पहिल्या आणि शेवटच्या शॉटला सारखाच दाब देतो. नळकांड्यावर तारीख कोरलेली असते. बनवल्यापासून दहा वर्षं झाली, की ते स्पर्धेत चालत नाही.

आणि ही पॅलेट. एका डब्यात ५००. पुढचं तोंड सपाट, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. कंबर बारीक, मागे घेर. तो घेर प्रवासात जरा जरी दबला तरी पॅलेट वाकडं जातं. म्हणून सर काचेवर एकेक पॅलेट घरंगळत सोडतात. न अडखळता गोलाकार वळलं ते मॅचचं, अडखळलं ते सरावाचं. टाकून काहीच देत नाहीत. डब्यावर डोक्याचं माप छापलेलं असतं, ४.४९ किंवा ४.५०. कुठल्या नळीला कुठलं माप मानवतं हे मारूनच कळतं. पिस्तूल शिकंज्यात पक्कं करून एकाच कार्डावर दहा शॉट्स मारतात. दहाही एकाच भोकातून गेल्यासारखे दिसले, तर त्या लॉटचे डबे त्या पिस्तुलासाठी राखून ठेवतात. डब्यांवर मार्करनं लिहिलेले आकडे दिसताहेत ते त्यासाठी.

पॅलेट शिशाची असतात. सराव संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हा इथला नियम आहे.

(दृश्य: २५ मीटरची रेंज. फरशीवर पितळी पुंगळ्या.)

१० मीटरच्या एअर पिस्तुलाला बंदुकीचा परवाना लागत नाही. इथून पुढे लागतो. हे .२२ चं (नळीचा व्यास, इंचात) स्पोर्ट्स पिस्तूल, अंतर २५ मीटर. खाली पडलेल्या या पुंगळ्या वेचून उपयोग नाही. .२२ च्या काडतुसात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेत असतो, पिन ती कड चेपते, आणि चेपलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. .३२ सारख्या सेंटर फायर काडतुसाचं वेगळं आहे. त्याची प्रायमरची, म्हणजे ठिणगीच्या मसाल्याची, टोपी बुडाच्या मध्यभागी असते, ती काढून नवी बसवता येते. बाहेरच्या देशांतले कितीतरी नेमबाज घरच्या टेबलावर हातदाबाचं यंत्र लावून, पुंगळी मापात आणून, प्रायमर, बंदुकीची दारू आणि शिशाची गोळी स्वतः बसवतात. दारू मोजण्यात त्यांची जी शिस्त असते, तीच आमच्या सरांची काचेवरच्या पॅलेटशी आहे. इथे .२२ चा प्रत्येक शॉट म्हणजे विकत घेतलेलं एक काडतूस. म्हणून .२२ वाल्यांनाही सर आधी भिंतीसमोर उभं करतात.

(दृश्य: भिंतीवर चिकटवलेली कात्रणं.)

हे कात्रण २०१३ चं. कोल्हापूरची राही सरनोबत. दक्षिण कोरियातल्या चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. पिस्तुलात वर्ल्ड कपचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. हे दुसरं २०१८ चं, पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेचं. फायनलमध्ये राही आणि थायलंडची नेमबाज, दोघींचे ३४ गुण. शूट-ऑफ झाला, पुन्हा ४-४ अशी बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राही ३-२. या फायनलमध्ये टार्गेट ३ सेकंदच मिळतं. तेवढ्यात हात ४५ अंशांतून वर आणून शॉट मारायचा, आणि १०.२ किंवा त्याहून सरस, म्हणजे दहाच्या वर्तुळातही आतल्या बाजूला, लागला तरच तो धरतात.

शेजारी मनू भाकर. टोकियो ऑलिंपिकमध्ये मॅच चालू असताना तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, फायनल दोन गुणांनी हुकली. २०२४ ला पॅरिसमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ. २२ शॉट्सनंतर दुसऱ्या क्रमांकाच्या कोरियन मुलीपासून ती फक्त ०.१ नं मागे होती. पिस्तुलाच्या टार्गेटवर ०.१ म्हणजे ०.८ मिलिमीटर. २२ शॉट्समध्ये मिळून इतकंच. काचेवर अडखळलेलं पॅलेट सर बाजूला का काढतात, ते मुलांना हे कात्रण दाखवलं की वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत हॉल आहेत, भिंती आहेत, उभी राहणारी मुलंही आहेत. पॅलेटचे डबे वेळेवर मिळाले पाहिजेत. बारावीनंतर यातली बरीच मुलं सराव सोडतात.

(दृश्य: स्पर्धेची सकाळ. साहित्य तपासणीचं टेबल.)

मॅचआधी तपासणी. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन दीड किलोच्या आत हवं. मग ट्रिगर. ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून, नळी उभी धरून उचलतात. ट्रिगर सुटला तर पिस्तूल परत, पुन्हा जुळवून आणायचं. तीन प्रयत्न. हिचं पहिल्याच प्रयत्नात पास झालं. ग्रिप काल रात्री चढवली होती. नळीतून आरपार गेलेला केशरी दोरा दिसतोय, तो पिस्तूल रिकामं असल्याची खूण. हुकूम मिळेपर्यंत तो काढायचा नाही.

(दृश्य: आई दारात, हातात डबा. निवेदन नाही. २० सेकंद.)

६० शॉट्स, ७५ मिनिटं. हात मात्र साठपेक्षा कितीतरी जास्त वेळा उचलला जातो. जवळपास एक किलोचं पिस्तूल, एकाच हातात, दुसरा हात खिशात. सहा-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर डोळा थकतो, साइटची कड फुटल्यासारखी दिसते, तरी आता सोडलाच पाहिजे असं वाटत राहतं. सगळे वाईट शॉट्स तिथे होतात. सर काल सरावात हिला म्हणाले होते, "घाई नको गं. नाही वाटलं तर खाली घे की. हात तुझाच हाय, वेळ पण तुझाच हाय."

(दृश्य: क्लोज-अप. फोरसाइट. मागे धूसर काळं वर्तुळ.)

५४ वा शॉट. घड्याळात अकरा मिनिटं शिल्लक. हात वर. साइट खाचेत. पाच सेकंद. सात. नऊ.

ती हात खाली घेते.