सटवी, हारिती आणि जेवणाचं ताट

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे भांडणात एखादीला "सटवे!" म्हटलं की ती शिवी होते, आणि त्याच घरात बाळ जन्मलं की सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवून त्याच सटवीची वाट बघतात, कारण ती येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिणार असते. बाळ झोपेत हसलं की म्हणतात, सटवाई हसवतेय. मी दोन्ही ऐकत मोठी झाले आणि त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नाही. माझी मुलगी झाली तेव्हा आईनं सहाव्या रात्री पाट मांडला, रात्रभर दिवा ठेवला, आणि आत्या मला परत परत सांगत होती की आज बाळाला एकटं सोडू नकोस. मी म्हटलं, आत्या, ती चांगलं नशीब लिहायला येते ना, मग घाबरायचं कशाला? तर आत्या म्हणाली, "भलं करणारी तीच आणि न्यायला येणारीही तीच, म्हणून तर पूजा."

त्या वाक्यानं मला बरंच काही वाचायला लावलं, आणि वाचता वाचता मी कुठल्या कुठे पोचले, राजगीर, अजिंठा, काठमांडू, बाली आणि शेवटी टोकियो. आज त्याच प्रवासाबद्दल बोलायचंय.

राजगीर म्हणजे जुनं राजगृह, मगधाची राजधानी. बौद्ध कथांत तिथे एक यक्षिणी आहे, हारिती, म्हणजे हरण करणारी, पळवून नेणारी. तिला स्वतःची पाचशे मुलं, आणि ती गावातली पोरं पळवून खाते. गावातल्या आया रडत बुद्धाकडे जातात. बुद्ध तिच्याशी लढत नाही, तिला शापही देत नाही, तो फक्त तिचं धाकटं पोर, प्रियंकर, आपल्या भिक्षापात्राखाली लपवून ठेवतो. झालं, ती वेडीपिशी होऊन सगळीकडे शोधते आणि शेवटी बुद्धासमोर येऊन रडायला लागते. तेव्हा तो विचारतो की तुझी पाचशे आहेत, त्यातलं एक हरवलं तर तुझी ही अवस्था, मग ज्यांना एक किंवा दोनच होती त्यांचं काय झालं असेल?

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपवतात, राक्षसीचं हृदय बदललं आणि सगळं छान झालं. पण मला यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हारिती म्हणते, ठीक आहे, यापुढे नाही खाणार, पण मग मी आणि माझी पोरं जगायचं कशावर? कुठल्याही आईचा साधा व्यवहारी प्रश्न. आणि बुद्ध तो टाळत नाही. तो म्हणतो, माझे भिक्षू रोज जेवताना तुझ्यासाठी आणि तुझ्या मुलांसाठी अन्न बाजूला काढतील, आणि तू विहारांचं आणि लेकरांचं रक्षण कर.

हे वचन नुसतं गोष्टीत राहिलं नाही. ७व्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू भारतात आला, नालंदात दहाएक वर्षं राहिला, आणि त्यानं इथल्या विहारांचा रोजचा दिनक्रम बारीकसारीक लिहून ठेवलाय. तो सांगतो की विहारांत ओसरीवर किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात हारितीचं चित्र असतं, हातात बाळ, गुडघ्यांशी तीन किंवा पाच पोरं, आणि तिच्यापुढे रोज भरपूर अन्न ठेवतात. म्हणजे जिथे ताटं मांडली जातात तिथेच तिची जागा. मला हे वाचताना आपल्याकडचं जेवणाआधी ताटाबाहेर काढून ठेवलेलं अन्न डोळ्यासमोर आलं.

आता अजिंठा. २ नंबरच्या लेण्यात आपण सगळे जातो, छतावरची चित्रं बघतो, मान दुखायला लागते आणि बाहेर येतो. पण मागच्या भिंतीला मुख्य बुद्धमूर्तीच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी देवळं कोरलीयत, त्यातल्या उजव्या बाजूच्या देवळात हारिती आणि तिचा नवरा पांचिक शेजारी शेजारी बसलेत. ५व्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं काम. दोघंही भारदस्त, अंगावर दागिने, हारितीच्या मांडीवर पोर. वरच्या एका कोपऱ्यात ती बुद्धावर चालून जातेय, तिथे ती भयंकर आहे, आणि दुसऱ्या कोपऱ्यात शांत झालीय, म्हणजे अख्खी गोष्ट तिच्या डोक्यावरच कोरून ठेवलीय. पण मी सगळ्यात जास्त वेळ खाली बघत बसले. त्यांच्या पायांखाली छोट्या छोट्या पोरांची एक रांग आहे, आणि ती चक्क शाळा आहे, एका टोकाला गुरुजी हातात छडी घेऊन बसलेत, पुढची पोरं मन लावून शिकतायत, आणि मागची पोरं मस्ती करतायत, मेंढ्यांशी खेळतायत. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बेसॉल्टच्या कड्यात छिन्नीनं मागच्या बाकावरची मुलं कोरली, आणि ती बुद्धाच्या गाभाऱ्याला लागून कोरली. पोरं वाचली, म्हणजे ती शाळेत जाणार आणि मस्ती करणार, तेच तिथे दाखवलंय.

आता त्याच राजगृहाची दुसरी गोष्ट, ही महाभारतातली, सभापर्वात येते. बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना आंबा अर्धा अर्धा खाल्ल्यामुळे अर्धं अर्धं मूल होतं, दाया घाबरून ते तुकडे चव्हाट्यावर टाकतात, आणि तिथे येते जरा नावाची राक्षसी, मांस खाणारी. न्यायला सोपं जावं म्हणून ती दोन तुकडे एकत्र धरते तर ते जुळतात, बाळ जोरात रडतं, आणि ती ते न खाता राजाला आणून देते. जरेनं सांधला म्हणून जरासंध. आणि ही जरा राजाला स्वतःबद्दल काय सांगते, तर मी घराघरात राहणारी गृहदेवी, भिंतीवर मला मुलांसकट काढून पूजतात त्यांची भरभराट होते.

गाव तेच, पोरं खाणारी बाई तीच, शेवटी भिंतीवर मुलांसकट चित्र, तेही तेच. एक बौद्ध ग्रंथात, एक महाभारतात. अशा वेळी लगेच वाद सुरू होतो की कुणी कुणाचं घेतलं, आणि मला तो वाद खरंच निष्फळ वाटतो. मला जास्त पटतं ते असं, की मगधातल्या बायका कुठलाही ग्रंथ लिहिला जायच्या आधीपासून भिंतीवर अशी कुणीतरी काढत असणार, आणि दोन्ही परंपरांना तिला घरात घ्यावंच लागलं, कारण बाळंतघरातली भीती दोन्हीकडे एकच होती. आपली सटवाई म्हणजे षष्ठी, सटी, तीही याच घरातली. तुलनात्मक अभ्यास म्हणजे देवांची वंशावळ लावणं नाही हो, कुठल्या भीतीपाशी कुठला देव उभा आहे ते बघणं, निदान मी तरी तसंच करते.

काठमांडूला स्वयंभूच्या स्तूपाशेजारी हारितीचं देऊळ आहे, नेवार लोक तिला अजिमा म्हणतात, आणि अजी म्हणजे तिथेही आजीच. ती तिथे मुलांना देवीच्या रोगापासून वाचवते, म्हणून हिंदू तिला शीतला म्हणून हात जोडतात, बौद्ध हारिती म्हणून, देऊळ एकच. आपणही त्या रोगाला देवीच म्हणायचो ना, देवी आल्या, देवी काढल्या. जग १९८० साली त्या रोगातून मुक्त झालं, पण अजिमापुढची गर्दी काही हटली नाही, कारण बाळ आजारी पडायचं थोडंच थांबलंय. इंडोनेशियातल्या जावा बेटावर, बोरोबुदूरच्या मोठ्या बौद्ध स्तूपाजवळ मेंदुत नावाचं मंदिर आहे, तिथे आत शिरतानाच भिंतीवर ती पोरांच्या गराड्यात बसलीय. बालीत गोआ गजा गुहेजवळ तिचीच मूर्ती आहे, पण तिथले लोक तिला मेन ब्रायुत म्हणतात, अठरा पोरांची गरीब आई, म्हणजे राक्षसीपणा कुठल्या कुठे गळून गेला आणि उरली ती पोरांनी बेजार झालेली बाई.

आणि टोकियो. झोशिगाया नावाच्या भागात तिचं देऊळ आहे, मुख्य इमारत १६६४ची, आवारात सहाशे वर्षांहून जुना गिंको वृक्ष, मूल व्हावं म्हणून लोक त्याच्याकडे मागणं मागतात. तिची खूण डाळिंब, एका फळात किती दाणे बघा. जपानीत तिचं नाव किशिमोजिन, लिहिताना चार अक्षरं, राक्षस, मूल, आई, देव. आता त्यातल्या राक्षस या अक्षराच्या डोक्यावर एक छोटीशी रेघ असते, शिंगासारखी. झोशिगायाच्या देवळात ते अक्षर लिहिताना ती रेघ देतच नाहीत. तिनं पोरं खाणं सोडलं ना, मग आता शिंग कशाला. अक्षर मात्र राक्षसाचंच ठेवलं, ते बदललं नाही.

हे वाचल्यावर मी आत्याला फोन केला आणि तिला त्या रेघेचं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग त्या तिथे तिला जेवायला काय देतात?"

पुढच्या वेळी यमाबद्दल बोलू, तोही असाच जपानपर्यंत जाऊन न्यायाधीश होऊन बसलाय. नमस्कार.