चार ओळींचा पुरावा

(पडदा: टर्मिनल. एक छोटं फंक्शन टाइप होतंय.)

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं हे फंक्शन, नाव ‘भर’. त्याला एक आकडा द्यायचा. हवी असेल तर यादीही द्यायची. यादी दिली नाही तर रिकामी धरावी, म्हणून व्याख्येच्या ओळीतच ‘यादी = []’ लिहिलंय. आत आकडा यादीत अपेंड होतो आणि यादी रिटर्न होते.

‘भर(1)’ चालवलं, [1] मिळालं. आता ‘भर(2)’. हवं होतं [2], आलं [1, 2].

डिफॉल्ट किंमत, म्हणजे काही दिलं नाही तर धरायची किंमत, ‘डेफ’ची म्हणजे व्याख्येची ओळ चालते तेव्हा एकदाच तयार होते आणि फंक्शनला चिकटून राहते. यादी न देता केलेला प्रत्येक कॉल त्या एकाच यादीत भर घालतो. उपाय: डिफॉल्ट ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवा आणि आत पहिल्याच ओळीत तपासा. यादी ‘नन’ असेल तर तिथे नवी रिकामी यादी बनवा. डिक्शनरी आणि सेटचंही तसंच. आकडे आणि स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाहीत, त्यांना डिफॉल्ट म्हणून बिनधास्त ठेवा.

चार ओळींत हे लगेच दिसतं. मोठ्या प्रोग्रॅममध्ये हाच बग अख्खा दिवस खातो. म्हणूनच कोड छाटता येणं, म्हणजे बग दिसत राहील एवढाच कोड उरवणं, हे आम्ही फार मोलाचं कौशल्य मानतो.

(पडदा: लांबलचक फाइल. मोठे तुकडे निवडून डिलीट होतायत.)

फाइलची प्रत काढा. निम्मा भाग उडवा आणि चालवा. बग कायम असेल तर उरलेल्यातला निम्मा उडवा. बग गेला, तर उडवलेलं परत आणा आणि दुसरीकडून छाटा. डेटाबेस, नेटवर्क, बाहेरच्या फाइली काढून त्या जागी दोन-तीन किमती थेट कोडमध्ये लिहा. बऱ्याचदा छाटता छाटताच दोष सापडतो.

हे पाहा. यादी आहे [1, 2, 2, 3]. ‘फॉर’ लूप तिच्यावरून फिरतोय आणि 2 दिसला की रिमूव्ह करतोय. शेवटी उरतं [1, 2, 3]. पहिला 2 निघाला तेव्हा दुसरा एक घर मागे सरकला, लूप मात्र पुढच्या घरावर गेला. फिरत असलेल्या यादीतून काही काढू नये. हवं तेवढंच घेऊन नवी यादी बनवावी.

(पडदा: फोल्डर. त्यात ‘रँडम डॉट पाय’ नावाची फाइल.)

काही वेळा बग कोडमध्ये नसतोच, फाइलच्या नावात असतो. ‘रँडम’ हे पायथनसोबतच येणारं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाइल; त्यातलं ‘रँडइंट’ यादृच्छिक आकडा देतं. तुमच्या फाइललाही ‘रँडम’ नाव दिलंत, तर ‘इंपोर्ट रँडम’ म्हटल्यावर पायथन आधी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये शोधतं आणि तुमचीच फाइल उचलतं. मग ‘रँडइंट’ सापडत नाही म्हणून एरर येते. नवशिके इथे हमखास अडकतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या 3.13 पासून ती एररच सुचवते, की या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या, म्हणजे पायथनसोबत येणाऱ्या, मॉड्यूलशी जुळतंय, ते बदलून पाहा. भाषा सांभाळणारी माणसं अशा बारीक गोष्टींवर मेहनत घेतात, याचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं.

(पडदा: गिटहबवरचा इश्यू, सावकाश खाली सरकतोय.)

गिडो व्हॅन रॉसम यांनी 1989 च्या अखेरीस ॲमस्टरडॅममध्ये पायथन लिहायला घेतली. 2018 च्या जुलैमध्ये त्यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. आता पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल असते. कोअर डेव्हलपर ती मतदानाने निवडतात. भाषेत मोठा बदल हवा असेल तर पेप नावाचा लेखी प्रस्ताव मांडावा लागतो. बग कळवायला मात्र कुणाची ओळख लागत नाही. छाटलेला कोड लागतो.

इश्यूत, म्हणजे गिटहब या कोडच्या साइटवर बग कळवणाऱ्या नोंदीत, पायथनची नेमकी आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, तो छोटा कोड, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, एवढं लिहा. ट्रेसबॅक, म्हणजे एरर आल्यावर दिसणारा मजकूर, पूर्ण द्या, शेवटच्या ओळीसकट; एररचा प्रकार तिथेच असतो. स्क्रीनशॉट नको, मजकूर पेस्ट करा, म्हणजे समोरच्याला तो जसाच्या तसा चालवता येतो. कळवण्याआधी नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पॅकेजांसाठीच्या वेगळ्या कोऱ्या जागेत, एकदा करून पाहा. ‘पायथन डॅश एम व्हेन्व्ह’ने ती बनते. पॅकेज बसवणारं ‘पिप’ही नुसतं न चालवता ‘पायथन डॅश एम पिप’ असं चालवा, नाहीतर पॅकेज भलत्याच पायथनमध्ये जाऊन बसतं.

(पडदा: कॅलेंडर, मे ते ऑक्टोबर.)

नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. मे महिन्यात पहिली बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, निघाली की नव्या सोयी घेणं थांबतं, दुरुस्त्या चालू राहतात. आपल्या प्रोजेक्टच्या टेस्ट चालवून पाहायची वेळ हीच. कारण आवृत्ती बाहेर पडल्यावर एखादं वर्तन बदलायचं, तर नियमाप्रमाणे आधी किमान दोन आवृत्त्या इशारा द्यावा लागतो. टेस्ट चालवताना पायथनला ‘डॅश डब्ल्यू एरर’ हा पर्याय द्या. एरवी नजरेआड होणारे हे इशारे मग एरर होऊन थेट त्या ओळीवर थांबतात.