एका पौंडाला विकलेला क्लब

(पडद्यावर: लाल विटांच्या घरांची रांग, तिच्या टोकाला मैदानाचं बंद फाटक. काही क्षण नुसता वारा. मग निवेदन.)

२७ ऑगस्ट २०१९, मंगळवार. मँचेस्टरच्या उत्तरेला बारा-पंधरा किलोमीटरवर बरी नावाचं गाव आहे. त्या सकाळी गावातली शेकडो माणसं झाडू, बादल्या आणि फडकी घेऊन गिग लेनवर जमली. गिग लेन म्हणजे बरी फुटबॉल क्लबचं मैदान. शनिवारी सामना होणार, क्लबला नवा मालक मिळणार, अशी आशा होती, आणि मैदान तर कित्येक आठवडे बंद पडलेलं. म्हणून लोक खुर्च्या पुसत होते, पायऱ्यांवरचं गवत उपटत होते. घरी लग्न असावं तशी लगबग चालली होती.

दुपारी बातमी आली की क्लब घेऊ पाहणाऱ्या कंपनीनं माघार घेतली. कागदपत्रं बघितल्यावर तिला व्यवहार झेपणारा वाटला नाही. विक्रीसाठी लीगनं, म्हणजे क्लब ज्या स्पर्धेत खेळायचा तिच्या संघटनेनं, दिलेली मुदत संध्याकाळी पाचची होती. ती टळली. रात्री उशिरा इंग्लिश फुटबॉल लीगनं जाहीर केलं: बरी एफसीचं सदस्यत्व संपुष्टात.

सकाळी खुर्च्या पुसणाऱ्यांना रात्री कळलं की त्या खुर्च्यांवर आता कुणी बसणार नाही.

(पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

हा क्लब १८८५ सालचा. १८९४ पासून लीगमध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षं. एफए कप दोनदा जिंकलेला, १९०० मध्ये आणि १९०३ मध्ये. १९०३ च्या अंतिम सामन्यात बरीनं डर्बी काउंटीला ६-० असं हरवलं. एवढ्या फरकानं अंतिम सामना जिंकणं पुढं ११६ वर्षं कुणाला जमलं नाही. ते जमवलं शेजारच्याच मँचेस्टर सिटीनं, २०१९ च्या मे महिन्यात. सिटीचा मालक अबुधाबीचा राजपुत्र. त्याच वसंतात पलीकडं बरीचे खेळाडू बिनपगारी खेळत होते.

आणि बिनपगारी खेळूनही त्यांनी काय केलं? ३० एप्रिल २०१९ ला ट्रॅनमिअरच्या संघाला बरोबरीत रोखून वरच्या श्रेणीत बढती मिळवली. हे मुद्दाम सांगतोय. क्लब बुडाला म्हटलं की आपल्याला वाटतं, संघ हरत असणार. बरीचा संघ जिंकत होता.

मग बुडालं कुठं? मालकाच्या खोलीत.

२०१३ पासून क्लब एका बांधकाम व्यावसायिकाच्या हाती होता. त्याच्या काळात पगारावर खर्च होत होता तो कर्जाच्या पैशातून. मैदान गहाण पडलं. एवढंच नाही, मैदानाबाहेरच्या गाड्या लावायच्या जागा एकेक करून गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या, दहा हजार पौंडांच्या आसपास एक, परताव्याचं आश्वासन देऊन. आपल्याकडं जमिनीचा सात-बारा काढतात, त्यात ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. गिग लेनचा सात-बारा निघाला असता तर तो रकाना भरून मागच्या पानावर गेला असता. हे सगळं ज्यांच्या नावावर चाललं होतं, ते हजारो लोक दर शनिवारी तिकीट काढून याच जागांमधून वाट काढत आत जात होते आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या व्यावसायिकाची कंपनी डबघाईला आली आणि डिसेंबर २०१८ मध्ये क्लब विकला गेला. किंमत, एक पौंड.

(पडद्यावर: टेबलावर एक पौंडाचं नाणं. जवळून.)

घेणारे स्टीव्ह डेल. त्यांनी पुढं बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत स्वतःच सांगितलं की बरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेच त्यांना आधी माहीत नव्हतं. क्लब तर आता त्यांच्या मालकीचा होता. या वाक्यावर गावात लोक किती दिवस हसले आणि किती दिवस रडले, ते सांगता येणार नाही.

आता खरा प्रश्न. त्यांना कुणी अडवलं कसं नाही?

इंग्लंडमध्ये मालकांची चाचणी २००४ पासून आहे. पण ती काय विचारायची? तुम्हाला फसवणुकीची शिक्षा झालीय का? तुम्ही स्वतः दिवाळखोर आहात का? कंपनीचा संचालक होण्यावर बंदी आहे का? तुमच्या हाताखाली आधी दोन क्लब बुडालेत का? सगळ्यांना ‘नाही’ म्हणता आलं की या आत. ज्याला चाचणी म्हणत होते ती प्रत्यक्षात नकारांची एक यादी होती. हा माणूस कसा आहे, याला क्लब कशाला हवाय, तीन वर्षं पगार कुठून देणार, यातलं त्यात काही नव्हतं.

आणि पैशाचं तर वरातीमागून घोडं. क्लब चालवायला पैसे आहेत याचा पुरावा द्यायचा, तो व्यवहार झाल्यानंतर! दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायला गेलात तर बँक आधी पगाराची स्लिप मागते, तीन वर्षांची रिटर्न्स मागते, जामीनदार मागते. इथं सव्वाशे वर्षांचा क्लब आधी हातात, कागद मग. बरीच्या बाबतीत लीग पुढं आठ महिने तो पुरावा मागत राहिली. समाधान होईल असा पुरावा आला नाही. पण तोवर मालक हा मालकच होता, आणि त्याला काढायचा अधिकार लीगकडं नव्हता. लीगकडं एकच हत्यार होतं, क्लबलाच बाहेर काढायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

शेवटच्या दिवसांतलं एक दृश्य टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. क्लबच्या एका माजी संचालिकेनं गिग लेनच्या भिंतीवरच्या पावसाच्या पाइपाला स्वतःला बेड्या घालून घेतल्या. तिथल्या एका स्टँडला तिच्या वडिलांचं नाव आहे. ते बरीकडून खेळले, नंतर व्यवस्थापकही झाले. आपल्या वडिलांच्या नावाच्या स्टँडबाहेर बेडी घालून उभी असलेली बाई, आणि तिच्या हाती कायद्यानं एक मतसुद्धा नाही.

(पडद्यावर: डोंगराळ रस्ता, धुकं, मग दुसरं एक मैदान.)

बरीपासून पंचवीस-एक किलोमीटरवर ब्लॅकबर्न आहे. इथं आपली, म्हणजे पुण्याची, गाठ पडते.

तिथल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबनं १९९५ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात वरची श्रेणी, जिंकली. जॅक वॉकर नावाच्या स्थानिक पोलाद व्यावसायिकानं आपली संपत्ती ओतून हे घडवलं होतं. तो गेला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब विकत घेतला पुण्याच्या वेंकीज समूहानं. २ कोटी ३० लाख पौंड, वर क्लबचं कर्ज वेगळं. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभा केलेला हा उद्योगसमूह. भारतातला आधुनिक कुक्कुटपालनाचा धंदा घडवण्यात त्यांचा वाटा मोठा, आणि रोज अंडी खा असं सांगणारी टीव्हीवरची जाहिरात आपल्या पिढीला तोंडपाठ आहे. अनुराधा देसाई आणि त्यांचे दोन भाऊ क्लबचे मालक झाले, तेव्हा पुण्यात कौतुकच झालं. का होऊ नये? आपल्या शहरातलं कुणीतरी प्रीमियर लीगमध्ये!

इथं एक स्पष्ट सांगायला हवं. या घराण्याला कुणी लुटारू म्हणू शकत नाही. क्लबमधून त्यांनी पैसे काढले नाहीत, उलट २० कोटी पौंडांहून जास्त घातले. चाचणीत ते उत्तम गुणांनी पास झाले असते, आणि झालेही.

तरी काय झालं ते बघा. महिनाभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अलर्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा तळाला नव्हता, गुणतक्त्याच्या मध्यावर होता. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन, ज्यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून कुठलाच क्लब सांभाळला नव्हता. रोनाल्डिन्होला आणायच्या गप्पा झाल्या. मग एक जाहिरात निघाली, तिच्यात ब्लॅकबर्नचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकनच्या तंगड्या खाताना दिसतात. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये संघ पुण्यात आला, पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. तिकडं लँकशायरमध्ये, म्हणजे ब्लॅकबर्नच्या परगण्यात, लोक रस्त्यावर उतरून कीन यांचा राजीनामा मागत होते.

(पडद्यावर: ७ मे २०१२, पाऊस, ब्लॅकबर्नचं मैदान ईवुड पार्क.)

या दिवशी विगनविरुद्ध हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेलं. सामना चालू असताना कुणीतरी मैदानात एक कोंबडी सोडली. जिवंत. तिच्या अंगाला क्लबचा झेंडा गुंडाळलेला. पावसात भिजलेली ती कोंबडी गवतावर इकडून तिकडं पळतेय आणि प्रेक्षक हसावं की रडावं या पेचात आहेत. आपण पुण्यात बसून तो व्हिडिओ बघितला तेव्हा हसलो होतो. ब्लॅकबर्नच्या माणसाला ते हसू कसं लागलं असेल, हा विचार बऱ्याच उशिरा आला.

पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग प्रशिक्षक म्हणून ५७ दिवस टिकले, मायकेल ॲपलटन ६७. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला, वर्षभरात परत वर आला. आणि अलीकडं एक नवीच अडचण. भारतात अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी चालू असल्यानं २०२३ पासून क्लबला पैसे पाठवायला मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. लँकशायरमधल्या गोलरक्षकाचा पगार दिल्लीतल्या तारखेवर अवलंबून! चौकशीत दोष सिद्ध झाला असं नाही, पण एका गावाचा क्लब एका घराण्याच्या खिशावर टांगला की त्या खिशाला कुठूनही हात लागू शकतो.

बरी आणि ब्लॅकबर्न शेजारी ठेवले की दोन वेगळे आजार दिसतात. एकाकडं पैसा नव्हता. दुसऱ्याकडं होता, समज नव्हती, निदान सुरुवातीची काही वर्षं तरी. जुनी चाचणी दोघांनाही पकडू शकली नाही.

(पडद्यावर: वेस्टमिन्स्टर, ब्रिटनची संसद.)

कायदा व्हायला बरीनंतर सहा वर्षं लागली. एप्रिल २०२१ मध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपियन सुपर लीग, म्हणजे बड्या क्लबांपुरती वेगळी स्पर्धा, काढायचा घाट घातला, दोन दिवसांत तो चाहत्यांनी हाणून पाडला, आणि मग कुठं सरकार हललं. छोटा क्लब मेला तेव्हा समिती नाही, मोठ्यांनी पळून जायचं ठरवलं तेव्हा समिती. असो. खासदार ट्रेसी क्राउच यांच्या समितीनं नोव्हेंबर २०२१ मध्ये ४७ शिफारशी दिल्या. हुजूर पक्षाच्या सरकारनं विधेयक आणलं, निवडणुकीत ते पडलं, मजूर पक्षानं पुन्हा आणलं. २१ जुलै २०२५ ला फुटबॉल गव्हर्नन्स कायद्यावर राजाची मोहोर उठली. गुंतवणूकदार पळतील, अशी ओरड प्रीमियर लीगनं शेवटपर्यंत केली.

आता वरच्या पाच श्रेणींतल्या ११६ क्लबांवर स्वतंत्र नियामक बसलाय. प्रत्येक क्लबाला परवाना लागेल. मालक होऊ पाहणाऱ्यानं क्लब कसा चालवणार, खर्च किती, पैसा कुठून, हे व्यवहाराच्या आधी दाखवायचं. पैसा गुन्ह्यातून आल्याचा संशय असेल तर दार बंद. आधीपासून बसलेल्या मालकाबद्दल शंका आली तर त्याचीही तपासणी, आणि तो नालायक ठरला तर क्लब विकायला लावायचा अधिकार. बरीला हेच हवं होतं: क्लब वाचवून मालक काढणं. मैदान विकायचं किंवा गहाण टाकायचं तर नियामकाला विचारावं लागेल. कार्डिफच्या संघाचा निळा गणवेश २०१२ मध्ये मालकानं लाल करून टाकला होता, तसं आता चाहत्यांच्या बहुमताशिवाय होणार नाही.

मैदानाचं कलम किती उशिरा आलं, ते शेफील्ड वेन्सडेला विचारा. त्यांचं हिल्सबरो मैदान मालकानं स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला ६ कोटी पौंडांना विकलं होतं. क्लब ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेला, १२ गुण कापले गेले. आणि त्या दिवशी गावात काय झालं? क्लबच्या दुकानाबाहेर रांगा लागल्या. महिनोन्महिने बहिष्कार घातलेल्या चाहत्यांनी मालक गेल्याचं कळताच पाकिटं उघडली. दिवाळं निघालेल्या दुकानाबाहेर दिवाळीची गर्दी.

कायद्याच्या मजकुरात एक बारीक गंमत आहे. संचालक आणि बड्या अधिकाऱ्यांकडून प्रामाणिकपणा, आर्थिक स्थैर्य आणि कामाची पात्रता, तिन्ही अपेक्षित आहेत. मालकाकडून पहिली दोनच. फुटबॉल कळलंच पाहिजे अशी अट मालकाला नाही, आणि कशी घालणार? कोंबडी सोडायची वेळ आणणारा मालक आजही परवानगी मिळवून आत येऊ शकतो. फक्त त्याला आता हाताखाली जाणती माणसं ठेवावी लागतील.

(पडद्यावर: गिग लेन, फाटक उघडं. लोक आत जाताहेत.)

बरीच्या लोकांनी कायद्याची वाट बघितली नाही. डिसेंबर २०१९ मध्येच त्यांनी बरी एएफसी नावाचा नवा क्लब काढला, दुसऱ्याच्या मैदानावर खेळले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी निधीतले दहा लाख पौंड आणि देणग्या जमवून गिग लेन परत घेतलं. मग नवा क्लब काढणारे आणि मैदान घेणारे अशा चाहत्यांच्याच दोन गटांचं भांडण, पहिल्या मतदानात त्यांचं विलीनीकरण फसलं. बायकोच्या माहेरचे आणि सासरचे एकाच मांडवात आणणं सोपं का असतं? २०२३ मध्ये दुसऱ्या मतदानात जमलं आणि जुन्या नावानं, जुन्या मैदानावर खेळ सुरू झाला. एप्रिल २०२५ मध्ये नवव्या श्रेणीतल्या एका निर्णायक सामन्याला गिग लेनवर आठ हजारांवर माणसं आली. बढती मिळाली.

२०२५-२६ च्या हंगामात बरी आठव्या श्रेणीत खेळायला उतरलं. कायदा पाचव्या श्रेणीपर्यंतच लागू आहे.