साठ वर्षे वाट पाहणारी आजी

श्रोतेहो, नमस्कार. आज मी तुमच्याशी माझ्या अत्यंत आवडत्या अशा एका जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे हलत्या चित्रांच्या, मालिकेविषयी बोलणार आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या तीन महिन्यांत ती जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. तिचे भाग अवघे तेरा असून प्रत्येक भाग साधारण चोवीस मिनिटांचा आहे. म्हणजे मनात आणले तर एका रविवारी ती संपवता येईल. पण मी ती तशी पाहिली नाही आणि तुम्हीही पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रात्रीची जेवणे झाल्यावर, घर शांत झाल्यावर, रोज एक भाग या हिशेबाने मी ती पाहिली आणि तेरा रात्री ती मंडळी माझ्या सोबतीला होती.

मालिकेचे नाव 'इरोझुकु सेकाई नो आशिता कारा' असे आहे. 'रंग धरू लागलेल्या जगाच्या उद्यापासून' असा त्याचा अर्थ सांगता येईल, परंतु 'इरोझुकु' या क्रियापदाजवळ क्षणभर थांबले पाहिजे. झाडाची पाने हिरवी असतात ती हळूहळू तांबूस होतात किंवा कच्चे फळ पिकू लागून त्याच्यावर रंग चढतो, त्या क्रियेला जपानी माणूस हा शब्द वापरतो. आपल्याकडे आंबा पाडाला लागतो तेव्हा देठाजवळ पहिला पिवळसरपणा दिसतो ना, तीच ही क्रिया. ती घाईने होत नाही आणि कोणी केली म्हणून होत नाही. या मालिकेच्या संथपणाविषयी जे काही म्हणायचे, ते तिच्या नावातच येऊन गेले आहे.

कथा अशी आहे. साल २०७८, गाव नागासाकी. सतरा वर्षांची हितोमी त्सुकिशिरो ही मुलगी जादू परंपरेने चालत आलेल्या घराण्यात जन्मली आहे, पण लहानपणीच तिची रंग ओळखण्याची शक्ती गेली. तिला सगळे जग काळे, पांढरे आणि करडे दिसते. तिला जादूचा तिटकारा आहे, मैत्रिणी फारशा नाहीत, आणि आपण एकट्याच बऱ्या आहोत असे ती स्वतःलाच पुन्हा पुन्हा बजावत असते. एका रात्री, शहरावर शोभेचे दारूकाम चाललेले असताना, तिची आजी कोहाकू तिला सांगते की तू आता साठ वर्षे मागे, २०१८ सालात जा आणि तिथे सतरा वर्षांच्या मला भेट. का जायचे, ते आजी सांगत नाही. नातीला भूतकाळात घेऊन जाते ती एक बस. काळाच्या प्रवासासाठी साध्या बसची योजना करणाऱ्या लेखिकेचे, युको काकिहारा यांचे, मला फार कौतुक वाटते, कारण या मालिकेतली जादू सगळीकडे अशीच घरगुती आहे. कोहाकूच्या घराण्याचे जादूचे एक दुकान आहे आणि तिथे ताऱ्यांची वाळू लहान लहान बाटल्यांत भरून विकायला ठेवलेली असते. बाटलीतली जादू कोणाला थोडा धीर देते, तर कोणाची एखादी संध्याकाळ उजळून टाकते. जग वाचवण्याची जबाबदारी तिच्यावर कोणी टाकलेली नाही.

भूतकाळात आल्यावर हितोमीला युइतो आओई नावाचा मुलगा भेटतो. तो टॅब्लेटवर चित्रे काढतो. पहिल्याच भागात, तो आपल्या नादात रेखाटत बसलेला असताना हितोमीची नजर त्याच्या चित्रावर पडते, आणि ज्या डोळ्यांना इतकी वर्षे फक्त राखाडी दिसत आले, त्यांच्यासमोर त्या लहानशा पडद्यातून निळे, तांबडे, पिवळे रंग उसळून बाहेर येतात आणि तिच्याभोवती पसरतात. दिग्दर्शक तोशिया शिनोहारा यांनी या प्रसंगाआधी आपल्याला बराच वेळ तिच्या डोळ्यांनी करडे नागासाकी पाहायला लावलेले असते. त्यामुळे तो रंग जेव्हा येतो, तेव्हा आपल्यालाही तो दीर्घ तहानेनंतर मिळालेल्या पाण्यासारखा वाटतो. पुढे सबंध मालिकेत ही अदलाबदल चालू राहते. आपल्या नजरेने पाहताना समुद्र निळाशार असतो, आणि पुढच्याच क्षणी तिच्या नजरेत शिरल्यावर त्याच समुद्राचा शिशासारखा पत्रा होतो.

तोयामा प्रांतातल्या 'पी. ए. वर्क्स' या स्टुडिओची ही निर्मिती आहे आणि पार्श्वभूमीची चित्रे हे या स्टुडिओचे मोठे बळ आहे. नागासाकी म्हटले की आपल्याला ऑगस्ट १९४५ आठवतो, आणि तो आठवणे योग्यच आहे. परंतु या मालिकेने मला त्या शहराचे रोजचे जगणे दाखवले. डोंगरउतारावर चढत गेलेली घरे, दम लावणाऱ्या दगडी पायऱ्या, वळणावर अचानक खाली दिसणारे बंदर, १८६३ साली बांधलेल्या ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या बंगल्याभोवतीचे उद्यान, आणि १६३४ सालचा तो दोन कमानींचा दगडी पूल. पाण्यात त्या पुलाचे प्रतिबिंब पडले की चष्म्याचा आकार दिसतो, म्हणून लोक त्याला चष्म्याचा पूल म्हणतात. जिला नीट दिसत नाही अशा मुलीच्या कथेसाठी याहून योग्य गाव कोणते निवडणार!

नावांविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण उपशीर्षके वाचत मालिका पाहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातून हा आनंद निसटण्याची भीती असते. आपल्याकडे अबोली, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी असे रंग फुलाफळांची आणि पाखरांची नावे घेऊन आले, तसेच जपानी भाषेतही घडले आहे. हितोमीचा मित्र शो याचे आडनाव यामाबुकी, म्हणजे एक सोनपिवळे फूल आणि त्याचा रंग. असागी हे मैत्रिणीचे नाव म्हणजे फिका निळसर-हिरवा रंग. दुसरी मैत्रीण कुरुमी, म्हणजे अक्रोड, आणि कोहाकू म्हणजे झाडाच्या डिंकाचा झालेला मधाच्या रंगाचा खडा, अंबर. हितोमी या नावात डोळ्यातली बाहुली आहे, आणि चंद्र उगवण्यापूर्वी आभाळाच्या कडेवर जो पांढुरका उजेड येतो त्याला 'त्सुकिशिरो' असा शब्द आहे. रंग न दिसणाऱ्या मुलीच्या सभोवती लेखिकेने असे रंगच रंग उभे केले आहेत. ही सगळी मुले शाळेच्या छायाचित्र आणि कला मंडळात एकत्र येतात, आणि तरुण कोहाकूच्या आगमनानंतर त्या मंडळाच्या नावात 'जादू' हा शब्दही जोडला जातो.

मधल्या चार-पाच भागांत कथानक फारसे पुढे सरकत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. छायाचित्रे काढण्यासाठी सहली होतात, महोत्सवाची तयारी होते, आणि शोचे मन हितोमीवर, असागीचे शोवर अशी एक साखळी तयार होते, जी शालेय अ‍ॅनिमेच्या नेहमीच्या प्रेक्षकाला ओळखीची वाटेल. २०७८ सालचे जगही आजच्यापेक्षा फारसे वेगळे भासत नाही. परंतु असागीने आपले दुःख गिळून हितोमीशी मैत्री टिकवणे आणि हितोमीने शोला नकार देताना त्याच्या भावनेचा मान राखणे, हे ज्या नाजूकपणाने दाखवले आहे, त्यासाठी मी तो संथपणा आनंदाने स्वीकारतो. हितोमी आणि युइतो यांच्या प्रेमातही मोठे उद्गार नाहीत. एकाने चित्र पूर्ण करायचे आणि दुसरीने ते रंगांत पाहायचे, एवढ्यावर त्यांचे नाते वाढत जाते. दोघांनाही ठाऊक असते की ती या काळातली नाही. पुढे हितोमीचे शरीर अधूनमधून या काळातून अदृश्य होऊ लागते आणि परतीची घडी जवळ येते, तेव्हा एकमेकांचा हात धरण्यालाही किती अर्थ येतो ते पाहण्यासारखे आहे.

आता मी मालिकेतले एक रहस्य सांगणार आहे. ते स्वतःच शोधायचे असेल त्यांनी क्षणभर रेडिओचा आवाज कमी करावा. हितोमीचे रंग कोणत्याही आजाराने गेलेले नाहीत. तिच्या आईच्या अंगी जादू नव्हती, मुलीच्या अंगी मात्र होती, आणि या दुराव्याच्या पोटी आई घर सोडून निघून गेली. आपल्यामुळेच आई गेली अशी त्या लहान जिवाची समजूत झाली आणि नकळत तिने स्वतःवरच जादू केली, आपल्याला सुखी होण्याचा हक्क नाही म्हणून जगातले रंग स्वतःपासून काढून घेतले. आईच्या बाजूने विचार करायला मालिकेने थोडा अधिक वेळ द्यायला हवा होता, असे मला दर वेळी वाटते. परंतु स्वतःवर घातलेला हा बंध दुसरे कोणी सोडवू शकत नाही, मोठ्यातली मोठी जादूगार असलेली आजीसुद्धा नाही, ही गोष्ट इतक्या मायेने सांगितलेली मी दुसऱ्या कोणत्याही अ‍ॅनिमेत पाहिलेली नाही.

आणि म्हणूनच माझ्या मते या मालिकेचे खरे हृदय कोहाकूपाशी आहे. सतरा वर्षांची कोहाकू इंग्लंडमधून जादूचे शिक्षण घेऊन परत येते, ती उत्साहाने ओसंडून वाहणारी, शाळेत खोड्यांसाठी प्रसिद्ध असलेली, कोणतीही अडचण जादूने सोडवता येते असा विश्वास बाळगणारी मुलगी आहे. समोर उभी असलेली ही अबोल समवयस्क मुलगी आपली नात आहे हे तिला कळते, आणि हळूहळू दुसरेही एक सत्य तिच्या ध्यानात येते, ते असे की आपण कितीही मोठ्या झालो तरी या नातीचे दुःख आपल्याला स्वतःच्या हाताने दूर करता येणार नाही, आपल्याला तिला इकडे पाठवावे लागेल. हे कळल्यावर ती काय करते? ती जगते, लग्न करते, मुलीला वाढवते, म्हातारी होते. पुढे काय घडणार याची जाणीव मनात बाळगून ती साठ वर्षे काढते आणि त्या एका रात्रीची तयारी करत राहते. या मालिकेला संथ म्हणणाऱ्यांनी हा काळही मोजावा.

तेरावा भाग संपल्यावर मी लगेच पहिला भाग पुन्हा लावला. हितोमी तीच होती, दारूकाम तेच होते, तिच्या डोळ्यांत ते तसेच करडे फुटत होते. पण या वेळी मी तिच्याकडे पाहतच नव्हतो. मी त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईकडे पाहत होतो. नात गोंधळून कारण विचारते आणि आजी काही न सांगता नुसती हसते. मित्रमैत्रिणींचा तो सगळा घोळका, ते मंडळ, तो चित्रे काढणारा मुलगा, सगळे तिला आठवत असणार, आणि ज्या मैत्रिणीला तिने सतराव्या वर्षी निरोप दिला होता, तिला ती आता त्यांच्याकडे पाठवत होती. बस येते, दार उघडते, आणि आजी नातीला आत बसवते.