कॉम्प्युटरले मराठी काहून समजत नाई?

श्रोतेहो, नमस्कार.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेत आठवीतल्या एका पोरीनं मला विचारलं, "सर, कॉम्प्युटरले मराठी काहून समजत नाई?" मी सवयीनं सांगून टाकलं, "त्याची भाषाच इंग्रजी आहे, बाई." घंटा झाली, वर्ग सुटला. सायकलवर घरी येताना ग्रेस हॉपर आठवल्या, अन् आपण पोरीला चुकीचं सांगितलं हे लक्षात आलं.

हॉपरबाई मूळच्या गणिताच्या प्राध्यापक. महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात गेल्या आणि १९४४ साली हार्वर्डच्या मार्क वन या अजस्र यंत्रावर काम करू लागल्या. १९५२ मध्ये त्यांनी ए-झिरो नावाचा कंपायलर, म्हणजे माणसाच्या सूचना यंत्राला चालतील अशा जुळवून देणारा प्रोग्रॅम, केला. टेपवर साठवलेले गणिताचे तुकडे, नुसता क्रमांक सांगितला की तो शोधून, जोडून द्यायचा. पण बाईंच्या डोळ्यांपुढे होता तो पगारपत्रक करणारा कारकून. त्यानं चिन्हं कशाला शिकायची? त्याला शब्दांतच लिहू द्या, असं त्यांचं म्हणणं. कंपनीच्या साहेबांकडून उत्तर आलं, यंत्राला इंग्रजी कळत नाही!

मग बाईंनी गंमत केली. इंग्रजी शब्दांत लिहिलेला प्रोग्रॅम चालवून दाखवला, अन् तोच फ्रेंच शब्दांत, जर्मन शब्दांतही. साहेब लोक पटायचे सोडून बिथरलेच. फिलाडेल्फियात बनलेलं अमेरिकन यंत्र फ्रेंच, जर्मन कसं काय समजेल? शेवटी 'फक्त इंग्रजीच वापरू' असा शब्द द्यावा लागला, हे बाईंनी स्वतःच पुढे सांगितलं आहे.

खरं तर यंत्राला शब्द म्हणजे नुसती खूण. जिनिंगवर बंडीला टोकन मिळतं ना, तसं. टोकनाला कापूस काय ते ठाऊक नसतं, बंडी मात्र आपल्या नंबरावर काट्यावर चढते.

याच विचारातून फ्लो-मॅटिक ही इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहायची भाषा आली, तिच्या पायावर १९५९ मध्ये कोबोल या भाषेचं काम सुरू झालं. कोबोल फार बोलघेवडी, अशी जाणकारांची तक्रार. असेल. मला तर तिच्यात कारकुनाचा मान ठेवलेला दिसतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात पायथॉन ही आजची प्रोग्रॅमची भाषा उघडून मी पहिली ओळ टाकली: लिही = प्रिंट. प्रिंट तेवढं इंग्रजी अक्षरांत. म्हटलं, आता ह्याला 'लिही' म्हणा. पोरीनं पुढे टाइप केलं, कापूस = 12, भाव = 7000. आकडे इंग्रजीच लागले. मराठी १२ टाकला तर चूक दाखवतो. मग तिनं लिहिलं, लिही(कापूस * भाव). पडद्यावर 84000 उमटलं.

पोट्टे ओरडले. ती मात्र आकड्याकडे बघत बसली. "सर, अन् बंडीचं भाडं कोन देईन?" म्हणाली, आणि मला न विचारताच खाली नवी ओळ सुरू केली: बंडीभाडं =