लिव उलमन : समोरच्याचं ऐकणारी नटी

२७ मार्च १९७३, लॉस एंजेलिस, ऑस्करची रात्र. ही क्लिप तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, 'द गॉडफादर'साठी मार्लन ब्रँडोचं नाव जाहीर होतं पण स्टेजवर ब्रँडो येतच नाही, त्याच्या वतीनं येते सशीन लिटलफेदर, आणि पुढे केलेली ट्रॉफी ती हातानंच नको म्हणते. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. आता जरा रॉजर मूरसोबत ट्रॉफी द्यायला आलेल्या बाईकडे बघा. ती लिव उलमन, नॉर्वेची. त्या रात्री बेस्ट अ‍ॅक्ट्रेसच्या यादीत तिचं स्वतःचं पण नाव होतं, आणि ते सुद्धा स्वीडिश भाषेतल्या सिनेमासाठी. पुरस्कार लायझा मिनेलीला गेला. पण आज मला बोलायचंय ते पुरस्कारांबद्दल नाही, तिच्या एका ताकदीबद्दल, जी मला तरी दुसऱ्या कुठल्या नटीत इतकी दिसलेली नाही. ती ऐकते. समोरचं माणूस बोलत असताना हिच्या चेहऱ्यावर जे चालू असतं त्यासाठी तिचे सिनेमे परत परत बघावेसे वाटतात.

लिवचा जन्म १६ डिसेंबर १९३८ चा, आणि तो नॉर्वेत नाही तर टोकियोत. वडील विमानाचे इंजिनियर, कामासाठी जपानमध्ये होते. मग युद्ध आलं, जर्मनीनं नॉर्वेचा ताबा घेतला, आणि हे कुटुंब गेलं कॅनडात, टोरंटोला, तिथं नॉर्वेच्या हवाई दलाचा 'लिटल नॉर्वे' नावाचा ट्रेनिंग तळ होता. तिकडे मायदेशी आजोबांनी ज्यूंना पळून जायला मदत केली म्हणून त्यांना डाखाऊच्या छळछावणीत टाकलं गेलं, तिथंच ते गेले. लिव सहा वर्षांची असताना न्यूयॉर्कमध्ये वडील पण गेले. आई दोन मुलींना घेऊन नॉर्वेत परतली, ट्रॉनहाइमला. आईनं पुस्तकांच्या दुकानात काम करून मुली वाढवल्या.

नाटकाचं वेड आधीपासूनच, पण ऑस्लोच्या सरकारी नाट्यशाळेनं तिला प्रवेश परीक्षेतच नाकारलं. मग थोडे महिने लंडनमध्ये शिकून ती आली थेट स्टावँगरला, रोगालँड थिएटरमध्ये, आणि १९५७ साली तिला पहिली मोठी भूमिका मिळाली ती अ‍ॅन फ्रँकची. आजोबांचं आत्ताच सांगितलं ना, आता विचार करा, अठरा वर्षांची पोरगी रोज रात्री त्या माळ्यावर नाझींपासून लपलेली ज्यू मुलगी होऊन उभी राहतेय.

पुढची काही वर्षं ऑस्लोची. तिथं ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'मधली ग्रुशा तिनं केली, तेच नाटक ज्याचं आपल्याकडे खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं. सिनेमे पण चालू होते, नॉर्वेतली पहिली स्त्री दिग्दर्शक एडिथ कार्लमार हिनं तिला पहिली मोठी भूमिका दिली. हे मुद्दाम सांगतोय, कारण लोक लिवची गोष्ट स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनपासून सुरू करतात जणू त्याआधी ती कोणी नव्हतीच. अहो, तो तिच्या आयुष्यात आला तेव्हा ती रंगभूमीवर आठेक वर्षं काम केलेली, तयार नटी होती.

तर बर्गमन. बीबी अँडरसन ही त्याची आवडती नटी, लिवची मैत्रीण. स्टॉकहोममध्ये रस्त्यानं दोघी चालल्या होत्या आणि समोरून इंगमार बर्गमन आला, अशी ती भेट. नंतर तो न्यूमोनियानं हॉस्पिटलमध्ये पडला आणि तिथंच त्यानं या दोघींना घेऊन 'पर्सोना' लिहिला. १९६५ च्या उन्हाळ्यात स्वीडनच्या फॉरो बेटावर शूटिंग झालं, लिव २६ वर्षांची, बर्गमन ४७ चा. तिची भूमिका आहे एलिझाबेट व्होग्लर नावाच्या नटीची, जी नाटक चालू असताना मधेच थांबते आणि मग बोलणंच सोडून देते. अख्ख्या सिनेमात लिवला जवळपास डायलॉगच नाहीत. एका रात्री बीबीची नर्स तिला समुद्रकिनाऱ्यावरची एक जुनी गोष्ट सांगते, खूप खाजगी, लाज वाटावी अशी, आणि लिव पलंगावर बसून नुसती ऐकते. गोष्ट बीबीची पण बघता बघता आपण लिवकडेच बघायला लागतो, तिला दया येतेय, मजा वाटतेय की ती हे सगळं साठवून ठेवतेय, काही कळत नाही आणि म्हणूनच नजर हलत नाही. आणि तो टीव्हीचा सीन, व्हिएतनाममधला भिक्खू स्वतःला पेटवून घेतोय आणि हॉस्पिटलच्या खोलीत ही मागे मागे सरकत कोपऱ्यात जाते, तोंडावर हात. एक शब्द नाही.

शूटिंगमध्येच दोघं प्रेमात पडले. दोघांचीही आधी लग्नं झालेली. १९६६ मध्ये मुलगी झाली, लिन, जी आज नॉर्वेतली मोठी लेखिका आहे. बर्गमननं फॉरोवर घर बांधलं, पाचेक वर्षं दोघं एकत्र होते, आणि ते दिवस सोपे नव्हते. त्याचा मत्सर, त्या बेटावरचा एकांत, घराभोवतीची भिंत, हे सगळं लिवनं स्वतः सांगितलंय, आणि काहीही गोड करून न सांगता. नातं संपलं. काम थांबलं नाही, उलट 'क्राइज अँड व्हिस्पर्स' आणि 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' हे वेगळं झाल्यानंतरचे सिनेमे आहेत. तो तिला म्हणायचा, तू माझं स्ट्राडिव्हेरियस आहेस. व्हायोलिनची उपमा कौतुकाचीच आहे हो, पण मला ती कमी वाटते, वाद्य स्वतःहून काही ठरवत नाही आणि ही बाई प्रत्येक क्षणी ठरवत असते.

याच काळात यान ट्रोएलचे 'द एमिग्रंट्स' आणि 'द न्यू लँड', स्वीडनच्या दगडाळ शेतातून उठून अमेरिकेला गेलेल्या शेतकऱ्यांची गोष्ट. लिव आणि माक्स फॉन सिडो नवराबायको. बोटीवरचं आजारपण, उवा, बाळंतपणं, घरची आठवण, क्रिस्टीनाच्या भूमिकेत तिनं मोठा अभिनय असा कुठं केलेलाच दिसत नाही आणि तरी ती बाई दमत जाते, म्हातारी होत जाते ते अंगावर येतं. याच भूमिकेसाठी ते ऑस्कर नॉमिनेशन, गोल्डन ग्लोब तर मिळालंच. मग हॉलिवूडनं बोलावलं आणि तिथले सिनेमे आपटले, 'लॉस्ट होरायझन' नावाचा म्युझिकल तर फारच. त्यावर वेळ घालवायला नको.

अमेरिकेत तिला सांभाळलं ते रंगभूमीनं. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला लिंकन सेंटरमध्ये इब्सेनची नोरा, 'अ डॉल्स हाऊस', टोनी या नाट्यपुरस्काराचं नॉमिनेशन. दोन वर्षांनी 'अ‍ॅना ख्रिस्टी', परत नॉमिनेशन. नॉर्वेच्या नटीनं इब्सेन परक्या भाषेत करायचा आणि लोकांनी रांगा लावायच्या, ही साधी गोष्ट नव्हती.

आता 'ऑटम सोनाटा', १९७८. टॅक्स चुकवल्याच्या आरोपाच्या प्रकरणानंतर बर्गमननं स्वीडन सोडलेलं, म्हणून हा सिनेमा नॉर्वेत शूट झाला. आईच्या भूमिकेत इनग्रिड बर्गमन (आडनाव सारखं, इंगमारशी नातं नाही), आई जगप्रसिद्ध पियानिस्ट. मुलगी एव्हा म्हणजे लिव, गोल चष्मा, साधे कपडे, पाद्र्याची बायको. बऱ्याच वर्षांनी आई घरी आलीये आणि मुलगी तिला शोपँचं एक प्रेल्यूड वाजवून दाखवते, जमेल तसं, घाबरत. मग आई म्हणते हे असं वाजवायचं, आणि स्वतः बसते. आणि इथे कॅमेरा दोघींवर असतो, आई पियानोकडे बघतेय आणि लिव आईकडे. फक्त बघतेय आणि ऐकतेय. त्या नजरेत कौतुक आहे, राग आहे, लहानपणी बंद दाराबाहेर बसून ऐकलेली सगळी प्रॅक्टिस आहे, आणि आई आपल्यापेक्षा खरंच चांगलं वाजवते याचं दुःख पण आहे. हा सीन बघताना मला दर वेळी गलबलून येतं. पियानो प्रत्यक्षात वाजवलाय केबी लारेटेईनं, ती बर्गमनची आधीची बायको. छोट्या एव्हाच्या भूमिकेत लिवची स्वतःची लेक लिन आहे. आणि थिएटरमध्ये लागलेला इनग्रिडचा हा शेवटचा सिनेमा.

१९८० मध्ये लिव युनिसेफची गुडविल अँबॅसडर झाली, कंबोडियातून पळून थायलंडच्या सीमेवर आलेल्या निर्वासितांमध्ये गेली, आणि १९८९ मध्ये निर्वासित बायका आणि मुलांसाठी काम करणारी विमेन्स रेफ्युजी कमिशन ही संस्था उभी करण्यात तिचा मोठा वाटा होता. सेलिब्रिटी जातात, फोटो काढतात, परत येतात असं हिच्या बाबतीत नाही म्हणता येणार, बापाचं घर युद्धात सुटलेली आणि आजोबा छळछावणीत गमावलेली बाई आहे ती, दशकानुदशकं तिनं हे काम सोडलं नाही.

दिग्दर्शन पण केलं. 'सोफी', मग 'क्रिस्टिन लाव्रान्सदात्तर', आणि २००० मध्ये 'फेथलेस', ज्याची पटकथा बर्गमनची. २००९ मध्ये सिडनीला केट ब्लँचेटला घेऊन 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' बसवलं, ते पुढे अमेरिकेतही गेलं.

बर्गमन ३० जुलै २००७ ला गेला. आदल्या दिवशी लिवला आतून काहीतरी वाटलं आणि ती छोटं विमान करून फॉरोला पोचली, त्याची शेवटची भेट झाली, हे तिनं स्वतःच सांगितलंय. या दोघांच्या नात्यावर २०१२ मध्ये 'लिव अँड इंगमार' ही डॉक्युमेंटरी आली, आणि आपल्याला आनंद व्हावा अशी गोष्ट म्हणजे दिग्दर्शक आहे धीरज अकोलकर. पुढे २०२३ मध्ये त्यानंच तिच्या पूर्ण आयुष्यावर अजून एक केली. त्याच्या कॅमेऱ्यासमोर ती त्या बेटावर परत बोलते, प्रेमाबद्दल पण आणि त्रासाबद्दल पण.

२०२२ मध्ये अखेर मानद ऑस्कर मिळालं, वय ८३. ते दिलं जॉन लिथगोनं, ४५ वर्षांपूर्वी 'अ‍ॅना ख्रिस्टी'मध्ये तिच्यासोबत स्टेजवर होता तोच.

तुम्ही तिचं काहीच पाहिलं नसेल तर कृपा करून 'पर्सोना'नं सुरुवात करू नका, तो अवघड आहे आणि लोक तिथंच सोडून देतात. 'ऑटम सोनाटा' आधी बघा, दीड तासाचा आहे, मग 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज', जमलं तर सहा भागांचं टीव्ही व्हर्जन. 'पर्सोना' त्यानंतर, आणि शक्यतो रात्री, मोबाईल बाजूला ठेवून.